सात चेहरे खरवडणारी सुरी

मित्रांनो, मला धार नाही. कधीच नव्हती. मी एका चित्रकाराची रंग कालवायची सुरी. पाते वीतभर, पानासारखे पातळ. मूठ नासपतीच्या लाकडाची. म्हातारपणी सगळे आपल्या आयुष्यातील गोड आठवणी सांगतात. माझ्याकडेही चार-दोन आहेत, पण मनात पहिल्यांदा येते ती किळस. तेव्हा तीच सांगते. ऐकताना तोंड वाकडे झाले तरी चालेल. माझेही झाले होते.

लेडन गावातील एका लोहाराने मला घडवले. त्याने माझे टोक धरून मला पार मुठीपर्यंत वाकवले आणि सोडून दिले. मी सटकन सरळ झाले. "ही मोडायची नाही," तो म्हणाला आणि त्याने मला खिडकीत मांडले. तिथून मला गोव्हर्ट रेंकेमाने नेले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. वाऱ्यात हिंडून त्याचे कान कायम लाल असायचे. त्याची धाकटी बहीण फेम्के त्याच्याबरोबर राहायची. दोघे उत्तरेकडून येऊन काटवाइकला कोळ्यांच्या वस्तीत राहिले होते, कारण तिथल्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत असे. गोव्हर्ट समुद्र काढायचा, वाळू काढायचा, आणि त्यांच्यावरचे आभाळ काढायचा. कुणी झाड काढायला सांगितले की त्याला जांभई यायची.

त्या काळी रंग नळीत मिळत नसत. फेम्के दगडी पाट्यावर रंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटायची आणि ती डुकराच्या मूत्राशयात भरून तोंड दोऱ्याने बांधायची. उन्हाळ्यात त्या फुगलेल्या पिशव्यांना जो वास सुटे तो मी सांगत नाही. तेल खवट होई, त्यात माश्या पडत. त्या मेलेल्या माश्या मलाच टोकाने काढाव्या लागत. गोव्हर्ट वाऱ्यात चित्र टेकवायच्या ईझलला दगड बांधून उभा राही, तेव्हा उडालेली वाळू ओल्या रंगात बसे. तीही मीच खरवडायची. पण मित्रांनो, ही किळस कामाची होती. चिंधीने पुसली की जायची. संध्याकाळी फेम्के मला पुसून, तेलाचे बोट लावून खोक्यात ठेवी, तेव्हा मला छान झोप लागे.

आणि काम तरी कसले सुरेख! पॅलेटवर सफेदा, काजळी आणि चिमूटभर हिरवा एकत्र करून मी जो राखी रंग कालवायची, तो कॅनव्हासवर जाताच ओला व्हायचा. गोव्हर्ट म्हणे, "फेम्के, समुद्र निळा असतो असं फक्त घरात बसणारे म्हणतात." कोणी पाहुणा आला की तो मला उचलून दाखवी. "लाटेचा फेस ब्रशनं नाही, हिच्यानं काढतो मी." मी तेव्हा थोडी मिजासही करायचे.

वस्तीतल्या बायकांना त्याची गंमत वाटे. मासळीच्या टोपल्या पाठीवर घेऊन शहराकडे निघालेली नेल नावाची कोळीण त्याच्यापाशी थांबून रोज एकच विचारी, "काय साहेब, संपला का समुद्र काढून?" तिचा नवरा आरी धिप्पाड, पिंगट दाढीचा, फार न बोलणारा. हिवाळ्यात या बहीणभावंडांच्या दारात तो न सांगता जळणाची टोपली ठेवून जाई.

आरी 'कॉर्नेलिया' नावाच्या होडीवर होता. काटवाइकला बंदर नाही. सपाट बुडाच्या मोठ्या होड्या वाळूवरच ओढून ठेवतात आणि भरतीला पाण्यात लोटतात. वस्तीतल्या सहा होड्यांचा मालक एकच, टीमन व्हेरस्टेख. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. प्रत्येक होडीला त्याने आपल्या घरातल्या बाईचे नाव दिले होते. कॉर्नेलिया ही त्याची बायको.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी कॉर्नेलिया परत येत होती. वारा उलटा, लाटा उंच. किनाऱ्यापासून तीनशे पावलांवर ती वाळूच्या दांड्यावर आपटली आणि तिची एक बाजू उघडली. फुटली म्हणत नाही मी, उघडली. जुन्या जोड्याचा तळ उघडतो तशी. सातजण पाण्यात पडले. बायका कमरेपर्यंत पाण्यात शिरल्या, लाटांनी त्यांना परत फेकले. मदतीला पाठवायला दुसरी होडी नव्हती. सगळ्या वाळूवर, आणि ओहोटी लागलेली. गोव्हर्ट टेकाडावर उभा होता. मी त्याच्या कोटाच्या खिशात होते. त्याचा हात चित्र काढत होता. सात डोकी त्याने एकामागून एक कागदावर उतरवली. ती दिसेनाशी झाली त्याच क्रमाने.

नेल चढण चढून वर आली. टोपी उडालेली, केस तोंडावर चिकटलेले. तिने त्याच्या हातातली पेन्सिल पाहिली. मला वाटले, ही आता वही फाडणार.

"काढा साहेब," ती म्हणाली. "थांबू नका. सगळं काढा. ती फळी पण काढा. माझा आरी महिनाभर मालकाला सांगत होता, फळी कुजलीय, फळी कुजलीय. मालकानं वरून डांबर फासलं."

"काढतो," गोव्हर्ट म्हणाला. "जसंच्या तसं काढतो. शब्द देतो."

तो हिवाळाभर राबला. माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठे चित्र ते. दोन माणसे हात पसरून उभी राहिली तरी कडा पकडता येणार नाहीत एवढे. डावीकडे उघडलेली होडी आणि तिची काळी, कुजकी फळी. मधे सात चेहरे. उजवीकडे पाण्यात शिरलेल्या बायका. चेहऱ्यांचा रंग मीच कालवला. सफेद्यात थोडी गेरू, थोडा हिरवा. फेम्के पाटा थांबवून बघत राही आणि नावे घेई. "हा आरी. हा लेंडर्ट. हा पीटचा थोरला." नेल एकदा आली, बराच वेळ उभी राहिली, आणि "हां," एवढेच म्हणून गेली.

मार्चमध्ये व्हेरस्टेख आला.

त्याला दारातून येताना पाहण्याआधी मला त्याचा वास आला. धुरावलेली वाम मासळी आणि वरून शिंपडलेले अत्तर. तो दात कोरत चित्रासमोर उभा राहिला. मग त्याने आपले जाड बोट ओल्या लाटेवर टेकवले आणि रंग लागला म्हणून ते पडद्याला पुसले.

"वा! पाणी म्हणजे पाणी आहे हो, रेंकेमा. पाय ओले होतील माणसाचे. हे मी घेणार. जेवणघरात टांगणार."

गोव्हर्टचे कान लाल झाले.

"फक्त ही माणसं," व्हेरस्टेख म्हणाला. "आता तुम्हीच सांगा. बायको सूप पितेय आणि समोर आरी गटांगळ्या खातोय. घास उतरेल का खाली? काढून टाका. आणि ती फळी. असं काही नव्हतं. लाट मोठी होती, देवाची मर्जी. तिथं जरा सूर्यास्त टाका की. सोनेरी. लोकांना बरं वाटतं."

"सकाळची गोष्ट आहे ती, मालक," पाट्यामागून फेम्के म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. "हेगच्या प्रदर्शनात चित्रं कुठं टांगायची ते ठरवणाऱ्यांत माझा मेहुणा आहे. तुमची चित्रं तीन वर्षं दाराच्या वर, छताजवळ लागतायत म्हणे? मान वर करून कोण बघतं! या वर्षी मधली भिंत रिकामी आहे."

तो गेला. मग गोव्हर्टने मला उचलले.

"दादा," फेम्के म्हणाली, "तू शब्द दिलास."

"माणसं मेलीच आहेत ना, फेम्के? चित्रातून गेली म्हणून काय पुन्हा मरणार आहेत?"

"हो," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवसाबद्दल मला बोलायचे नव्हते. पण न बोलता माझी गोष्ट पुढे जात नाही. रंग पुरता वाळलेला नव्हता. वर साय धरली होती, आत मऊ होता. गोव्हर्टने माझे पाते आरीच्या कपाळावर टेकवले आणि खाली ओढले. साय सुरकुतली, फाटली, आणि आतला रंग माझ्यावर गोळा झाला. कपाळ, डोळे, दाढी, सगळ्यांचा मिळून एक राखी-गुलाबी चिखल. त्याने तो चिंधीला पुसला. मग लेंडर्ट. मग पीटचा थोरला. सात वेळा. चौथ्याला त्याचा हात थांबेल असे वाटले. थांबला, पण नाक पुसायला. शेवटी ती चिंधी त्याने शेगडीत घातली आणि तेलाचा काळा धूर खोलीभर पसरला. मला ओकारी काढता आली असती तर मी तिथेच काढली असती. ज्या पात्याने लाटांचा फेस काढला, त्याच पात्याच्या कडेला आता एका बुडालेल्या माणसाची पापणी चिकटली होती.

फळीवर त्याने तपकिरी रंग ओढून ती धडधाकट केली. आभाळात सूर्यास्त आला, अंड्याच्या बलकासारखा. सात चेहऱ्यांच्या जागी मदतीला निघालेली एक होडी आली. एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. पण मालकाच्या चिठ्ठ्या येत राहिल्या. वाळूवर खुद्द व्हेरस्टेख उभा राहिला, एक हात पुढे केलेला. त्याच्यासमोर गुडघे टेकून, हात जोडून एक विधवा. तिला चेहरा हवा होता. गोव्हर्टकडे नेलच्या चेहऱ्याचे जुने रेखाटन होते. त्याने तोच बसवला.

चित्र हेगला जाण्यापूर्वी व्हेरस्टेखने वस्तीला घरी बोलावले. प्रत्येकाला गोड पाव आणि ताक. गोव्हर्ट मला कोटाच्या खिशात घेऊन गेला होता. ऐन वेळी कुठे ठिपका उचलावा लागला तर असावी म्हणून. बायका रांगेने चित्रासमोरून गेल्या. नेल थांबली. तिने पाव खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"मी कधी टेकले हो गुडघे, साहेब?" तिने विचारले. आवाज चढवला नाही.

गोव्हर्ट म्हणाला, "ती तू नाहीस, नेल. ती... कुणीही बाई आहे."

"कुणीही बाई," नेल म्हणाली. "हनुवटीवर माझाच तीळ घेऊन फिरतेय वाटतं."

त्याच संध्याकाळी फेम्केने आपले कपडे गाठोड्यात बांधले आणि ती नेलकडे राहायला गेली. जाताना तिने पाटा धुऊन उपडा ठेवला. त्यानंतर माझ्या पात्याला तेलाचे बोट लागले नाही.

चित्राला पदक मिळाले. मधली भिंत, सोनेरी चौकट, समोर गर्दी. पुढची पाच वर्षे गोव्हर्टकडे माणसांची रीघ लागली. कुणाला दिवाणखान्यासाठी सूर्यास्त हवा, कुणाला आपले जहाज हवे, पण शिडावरची ठिगळे नकोत. त्याने तेच चित्र चाळीस वेळा काढले असेल. आता तो वाऱ्यात जात नसे. खिडकीलाही पडदा लावला, उजेड बदलतो म्हणून. त्याने हस्तिदंती मुठीची नवी सुरी आणली. मी जेवणाच्या टेबलावर गेले. चीज कापायला, नखे कोरायला, पाइपमधली काजळी खरवडायला. कधी चीजमध्ये खुपसलेली तशीच चार-चार दिवस. खाली बुरशी, वर माशी. तो जाडजूड झाला. सकाळपासून जिन प्यायचा आणि स्वतःची चित्रे भिंतीकडे तोंड करून ठेवायचा.

सहाव्या वर्षी मार्चमध्ये व्हेरस्टेखची दुसरी होडी निघायची होती. 'विल्हेल्मिना', त्याच्या लेकीच्या नावाची. सुकाणूवाला हुइब आणि त्याचे सहाजण अडून बसले. डावीकडची फळी नरम आहे म्हणाले. व्हेरस्टेखने त्यांना जेवणघरात नेले आणि चित्राकडे बोट दाखवले. "हे बघा. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं काढलंय. कॉर्नेलियाची फळी ठणठणीत दिसते की नाही? मदतीला होडी दिसते की नाही? मी दिसतो की नाही? माझ्या होड्यांत खोट नसते. समुद्रात असते."

माणसे तिथून थेट गोव्हर्टच्या दारात आली. बरोबर नेल आणि फेम्के. गोव्हर्ट जेवत होता. मी चीजमध्ये होते.

"साहेब," हुइब म्हणाला, "एवढंच सांगा मालकाला, खरं काय दिसलं होतं तुम्हाला. तासाभरात भरती आहे. आमच्या सातही घरांत लहान पोरं आहेत."

गोव्हर्टने तोंड पुसले. "मी चित्रकार आहे, हुइब. सुतार नाही. लाकडातलं मला काय कळतं?"

फेम्के पुढे आली. तिने मला चीजमधून उपसले, एप्रनला दोन्ही बाजूंनी पुसले आणि ती चालू लागली. तिच्या हाताची पकड मला सहा वर्षांनी लागली. मागून सगळी वस्ती. सर्वांत मागे, हातात रुमाल तसाच, गोव्हर्ट.

विल्हेल्मिना वाळूवर उभी होती, नव्या डांबराने चकचकीत. व्हेरस्टेख घोडागाडीतून उतरत होता. फेम्केने माझे टोक एका फळीवर टेकवले आणि सगळा भार टाकला. मी वाकले, ते लाकूड चांगले होते. मग हुइबने दाखवलेल्या फळीवर तिने मला टेकवले.

मी आत गेले. थांबलेच नाही. मुठीपर्यंत गेले. मित्रांनो, आत लाकूड नव्हते. गार, चिकट, सडक्या सफरचंदाच्या वासाचा गाळ होता, आणि त्यात काहीतरी वळवळत होते. फेम्केने मला बाहेर काढले, तेव्हा माझ्याबरोबर तपकिरी पाण्याची धार आली आणि वाळूवर टपटपली.

"ए पोरी!" व्हेरस्टेख ओरडला. "भोक पाडलंस माझ्या होडीला!"

"भोक होतंच, मालक," नेल म्हणाली. "वरचं डांबर तेवढं तिनं पाडलं."

कुणीतरी फसकन हसले. व्हेरस्टेखचा चेहरा उतरला नाही, तो गर्दीकडे बघत म्हणाला, "एक फळी म्हणजे होडी नव्हे. रेंकेमा! तुम्ही सांगा यांना. कॉर्नेलियाची पाहिली होती ना तुम्ही?"

गोव्हर्टने माझ्याकडे पाहिले. माझ्या पात्यावरून तो गाळ अजून ओघळत होता. तो वाळूवर ओणवा झाला आणि सकाळचे सगळे जेवण ओकला. मग तोंडाला रुमाल लावून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला," नेल म्हणाली.

"कॉर्नेलियाची अशीच होती," तो म्हणाला. "अगदी अशीच. मी काढली होती. मग मी ती रंगवून झाकली. माणसंही खरवडली. होडी कुठलीच आली नव्हती. आणि हे मालक त्या दिवशी वाळूवर नव्हतेच."

हुइब वाळूवर बसला आणि त्याने आपले गुडघ्यापर्यंतचे बूट ओढून काढले. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. बुटांची ती रांग होडीसमोर उभी राहिली आणि भरती येऊन गेली तरी एकही माणूस उठला नाही. व्हेरस्टेखला सुतार बोलवावे लागले. सुतारांनी विल्हेल्मिनाच्या अकरा फळ्या काढल्या, आणि नंतर बाकीच्या होड्यांच्याही. त्या फळ्या जळणालाही कुणी नेल्या नाहीत. धूर फार व्हायचा.

गोव्हर्टची कुणी पाठ थोपटली नाही. मोठ्या घरांनी त्याला बोलावणे बंद केले. वस्तीने त्याच्याशी बोलणे पुन्हा कधी सुरू केलेच नाही. आणि मी? फेम्केने मला परत दिले नाही. नेलच्या ओट्यावर मी मासळीचे खवले काढू लागले. खवले, आतडी, रक्त, मिठाचे पाणी. रोज. आणि रोज संध्याकाळी मला धुऊन, पुसून, खिळ्याला टांगत.

पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी तो दारात आला. कोट ढगळ झाला होता.

"फेम्के, ती सुरी दे. व्हेरस्टेखच्या घरी जातो. वरचा रंग खरवडून टाकतो. खालची फळी तरी दिसेल."

"चित्र तिथं नाही, दादा. त्यांनी ते शहराच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. तिथं हात लावू देत नाहीत."

तो उंबऱ्यावर टेकला. आत येण्याची हिंमत नसावी. बऱ्याच वेळाने नेलने मला खिळ्यावरून काढले आणि त्याच्यापुढे एक टोपली सरकवली. तो मुकाट्याने मासा घासू लागला. खवले त्याच्या दाढीत उडाले.

"शेपटीकडून, साहेब," नेल म्हणाली. "डोक्याकडून घासलं तर निघत नाही."

त्याने मासा फिरवला.

मित्रांनो, ते चित्र अजून तिथेच आहे. माणसे त्याच्यापुढे उभी राहून 'काय सूर्यास्त आहे!' म्हणतात, आणि त्यांना तसे वाटावे असेच ते काढलेले आहे. तुम्ही वस्तू पुसून ठेवा, ओल्या टाकू नका, एका कामाची दुसऱ्याला जुंपू नका. हे तर कोणतीही सुरी सांगेल. मला एवढेच मागायचे आहे, की आम्हाला हातात घेण्याआधी क्षणभर थांबा. माझ्या पात्याला त्या दिवशी मागे वळता आले नाही. ज्या हाताने मला धरले होते, त्याला येत होते.